डीएनएस कॅप्चर ओळीओळीनं वाचताना

मंडळी, मुंबईत केबलवरून इंटरनेट पुरवणाऱ्याच्या कानावर एक तक्रार हमखास पडते: "नेट चालू आहे, पण साइट उघडायला वेळ लागतो." स्पीड टेस्ट चांगली येते, पिंगही व्यवस्थित असतो. अशा वेळी डीएनएसचं, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचं, कॅप्चर (येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटची फाइल) घ्यावं आणि टीशार्कनं त्याच्या ओळी काढून वाचाव्यात. वायरशार्क या पॅकेट पाहण्याच्या प्रोग्रामसोबत येणारी ही कमांड आहे, तिला खिडकी लागत नाही, एसएसएचवरून सर्व्हरवर चालते.

आधी पकडण्याचं बोलू. टीसीपीडम्प या पॅकेट पकडणाऱ्या कमांडला फिल्टर द्या "पोर्ट 53". "यूडीपी पोर्ट 53" देऊ नका, कारण उत्तर यूडीपीत मावलं नाही की तोच प्रश्न टीसीपीवर पुन्हा विचारला जातो आणि नेमका तोच भाग तुमच्या हातून सुटतो. ट्रॅफिकवर व्हीलॅनचा (एकाच तारेवरची वेगवेगळी नेटवर्क ओळखण्याचा) टॅग असेल, तर साध्या फिल्टरनं फाइल रिकामी येऊ शकते. तेव्हा "पोर्ट 53 ऑर (व्हीलॅन अँड पोर्ट 53)" असं लिहा, याच क्रमानं आणि कंसासकट. व्हीलॅन हा शब्द आला की त्यापुढची सगळी तपासणी चार बाइट पुढे सरकते, म्हणून तो शेवटी हवा.

फाइल तशीच उघडून नावं का वाचता येत नाहीत? कारण डीएनएसच्या पॅकेटमध्ये टिंब नसतं. एक्झाम्पल डॉट कॉम हे तिथे "7, एक्झाम्पल, 3, कॉम, 0" असं असतं: आधी लांबी, मग अक्षरं. उत्तरात तर बहुतेक वेळा नाव पुन्हा लिहितच नाहीत. सी शून्य, शून्य सी असे दोन बाइट येतात. त्यांचा अर्थ, मेसेजच्या सुरुवातीपासून 12 बाइट सोडून जे नाव आहे ते घ्या. हेडर बरोबर 12 बाइटचं, म्हणजे ते प्रश्नातलंच नाव. 1987 पासून हे असंच आहे.

आता टीशार्क. मायनस आर देऊन फाइल, मायनस टी फील्ड्स, आणि हव्या त्या प्रत्येक रकान्यासाठी एक मायनस ई. मी फक्त उत्तरांची पॅकेट घ्यायला सांगेन, कारण उत्तरात प्रश्नही असतो आणि लागलेला वेळ, म्हणजे डीएनएस डॉट टाइम, उत्तराच्याच पॅकेटवर मिळतो. मात्र ग्राहकाचा पत्ता तेव्हा आयपी डॉट डीएसटीमध्ये (पॅकेट जिथे जातं तो पत्ता) असतो, एसआरसीमध्ये (जिथून निघतं तो) नाही. इथे भलेभले चुकतात. प्रश्नाचा प्रकार आकड्यात येतो: 1 म्हणजे ए (आयपीव्ही4 पत्ता), 28 म्हणजे क्वाड ए (आयपीव्ही6 पत्ता), 65 म्हणजे एचटीटीपीएस. आरकोड, म्हणजे उत्तराचा निकाल सांगणारा आकडा, 0 असेल तर ठीक, 2 म्हणजे सर्व्हफेल (सर्व्हरला उत्तर देता आलं नाही), 3 म्हणजे असं नावच नाही.

भारत या डोमेनखालची देवनागरी नावंही त्यात असतील. टॉप लेव्हलचं "भारत" ओळीत "एक्सएन--एच2बीआरजे9सी" असं दिसेल. ते बिघडलेलं नाही, आयडीएन2 या कमांडच्या मायनस डी मधून काढलं की वाचता येतं.

पण खरा रोग बहुतेकदा या ओळींत नसतो. ज्या प्रश्नाला उत्तरच आलं नाही, तो या यादीत येणार कसा? म्हणून टीशार्कला मायनस 2 देऊन दुसरी फेरी करा (ते नसेल तर प्रत्येक प्रश्न बिनउत्तराचा दिसतो): डीएनएस डॉट फ्लॅग्ज डॉट रिस्पॉन्स 0 असलेली आणि डीएनएस डॉट रिस्पॉन्स अंडरस्कोर इन नसलेली पॅकेट. लिनक्सच्या ग्राहकाकडून तेच नाव बरोबर पाच सेकंदांनी पुन्हा विचारलेलं दिसलं, की तक्रारीतला "वेळ लागतो" सापडला. पाच सेकंद ही तिथल्या रिझॉल्व्हरची (डीएनएसचे प्रश्न विचारणाऱ्या भागाची) ठरलेली थांबण्याची मुदत आहे. एक सर्व्हर गप्प आहे आणि ग्राहक त्याची वाट पाहतो आहे.

फाइलच्या शेवटच्या काही सेकंदांतले बिनउत्तराचे प्रश्न मात्र धरू नका, त्यांची उत्तरं कॅप्चर थांबल्यावर आली असतील. आणि सगळेच प्रश्न बिनउत्तराचे दिसले, तर आधी मायनस 2 दिलंय का ते पाहा, मग स्विचचा मिरर पोर्ट (ट्रॅफिकची प्रत देणारा) बघा, तो एकाच दिशेचं ट्रॅफिक देत असेल.

एकाच वायफायवरच्या लॅपटॉपच्या ओळी दिसतात आणि फोनची एकही नाही, असं झालं तर फोनमधलं प्रायव्हेट डीएनएस तपासा. ते 853 पोर्टवरून एन्क्रिप्ट होऊन जातं. ब्राउझरचं डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस 443 वरून जातं. ते प्रश्न या फाइलमध्ये आलेलेच नसतात.