उताडा हिकारू यांचा इंग्रजी अल्बम

श्रोतेहो, नमस्कार.

२००४ च्या सप्टेंबरमध्ये जपानच्या बाजारात 'एक्सोडस' नावाचा अल्बम आला. कव्हरवर नाव होतं फक्त 'उताडा'. जपानमध्ये हे नाव माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण होतं. १९९९ मध्ये, अवघ्या सोळाव्या वर्षी, उताडा हिकारू यांचा 'फर्स्ट लव्ह' निघाला होता. त्याच्या जपानमध्येच ७५ लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि जपानमधल्या सर्वाधिक खपाचा तो विक्रम आजही अबाधित आहे. 'एक्सोडस' मात्र सबंध इंग्रजीत होता. ५ ऑक्टोबरला तो अमेरिकेत निघाला, बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या दोनशे अल्बमांच्या यादीत १६० व्या क्रमांकापर्यंत चढला आणि तिथेच थांबला. 'अमेरिकेत आपटलेला अल्बम' असा शिक्का त्याच्यावर बसला तो बसलाच. मला हा शिक्का अन्यायाचा वाटतो. का वाटतो, तेच आज सांगायचं आहे.

जपानी गायकांचं अमेरिकेचं वेड जुनं आहे. १९६३ मध्ये क्यू साकामोतो यांचं गाणं तिथे तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, आणि तेही चक्क जपानी भाषेत. परदेशी कंपन्यांनी नाव तेवढं बदलून 'सुकियाकी' ठेवलं होतं. हे एका मांसाच्या पदार्थाचं नाव, गाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही! पुढे १९७९ मध्ये 'पिंक लेडी' या दोघींच्या जोडीने इंग्रजी गाणं केलं, ते ३७ व्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यांना तिकडे टीव्हीवर कार्यक्रमही मिळाला, पण इंग्रजी येत नसल्यामुळे त्या आपले संवाद नुसत्या उच्चारावरून घोकून म्हणत. १९९० मध्ये मात्सुदा सेइको यांनीही प्रयत्न करून पाहिला.

उताडांची गोष्ट या सगळ्यांहून वेगळी. जन्मच न्यूयॉर्कचा, १९८३ चा. आई फुजी केइको, म्हणजे एन्का या जपानी गायनप्रकारातली गाजलेली गायिका. वडील संगीत निर्माते. बालपण न्यूयॉर्क आणि टोकियो यांच्यामध्ये, बरंचसं रेकॉर्डिंग स्टुडिओत गेलेलं. 'फर्स्ट लव्ह'च्या आधी, १९९८ मध्ये, 'क्यूबिक यू' या नावाने त्यांचा एक अल्बम आला होता आणि तोही बहुतांशी इंग्रजीतच होता. म्हणजे इंग्रजी ही बाजारासाठी शिकलेली भाषा नव्हे, ती घरातलीच होती. (उताडांनी २०२१ मध्ये आपण नॉन-बायनरी, म्हणजे स्त्री किंवा पुरुष या चौकटींत न बसणारी व्यक्ती, असल्याचं जाहीर केलं आहे, म्हणून मी त्यांना 'गायिका' म्हणत नाही.)

आता भाषा बदलली की गाण्यात नेमकं काय बदलतं? जपानी भाषा मात्रांवर चालते. प्रत्येक मात्रेला सारखा वेळ, दीर्घ स्वराला दोन मात्रा. आपल्या मात्रावृत्तासारखंच म्हणा ना. जोडाक्षरं जवळजवळ नाहीत. इंग्रजीतला 'ख्रिसमस' दोन झटक्यांत संपतो, जपानी तोंडात तो 'कु-रि-सु-मा-सु' होतो, मोजून पाच मात्रा. म्हणजे एवढ्याशा शब्दालाही पाच सूर लागतात आणि ओळीत मजकूर कमी मावतो. उताडांनी यावर 'उताडा हिकारू' या नावाने काढलेल्या पहिल्याच गाण्यात मार्ग काढला होता. १९९८ च्या 'ऑटोमॅटिक'मध्ये, अगदी सुरुवातीलाच, त्यांनी शब्द मधोमध तोडून अर्धा या ओळीत नि अर्धा पुढच्या ओळीत टाकला. जपानी कानांना हे अगदी नवं होतं. आर अँड बी, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं ते ठेकेदार संगीत, त्याचा ठेका जपानीत बसवायचा तर शब्दांना असं वाकवावं लागलं.

'एक्सोडस'मध्ये ही ओढाताण उरत नाही. ओळी दाट होतात, विचार वेगाने पळतात, मधूनच थट्टा येते. 'क्रेमलिन डस्क' हे गाणं घ्या. त्यात अमेरिकन कवी एडगर अॅलन पो यांचं नाव घेऊन त्यांच्या कवितेतली लेनोर आणि तो कावळा दोघांनाही बोलावलं आहे. सुरुवात संथ, जवळजवळ प्रार्थनेसारखी. मग 'द मार्स व्होल्टा' या रॉक बँडचे जॉन थिओडोर ड्रम वाजवू लागतात आणि गाण्याचा नूरच पालटतो. पॉपच्या अल्बममध्ये एवढं धाडस मी फार कमी वेळा ऐकलं आहे. टिंबालँड हे त्या काळचे मोठे निर्माते, त्यांच्याबरोबरही यात तीन गाणी आहेत. पण बहुतेक ठिकाणी शब्द, चाल आणि वाद्यरचना यांवर उताडांचाच हात फिरलेला जाणवतो. अल्बमच्या सुरुवातीच्या छोट्या तुकड्यातच त्यांनी सांगून टाकलं आहे की एका संगीतप्रकारातून दुसऱ्यात उडी मारायची मला हौस नाही. ओलांडायचं आहे ते तुझ्यामाझ्यातलं अंतर.

मग अमेरिकेत तो चालला का नाही? माझ्या मते भाषा आडवी आली नाहीच. तिथली रेडिओ स्टेशनं ठरावीक साच्यात चालत: हे रॉकचं, हे आर अँड बीचं, हे नाचाचं. 'एक्सोडस' कुठल्याच साच्यात बसत नव्हता. गंमत पाहा, त्यातलंच 'डेव्हिल इनसाइड' बिलबोर्डच्या डान्स क्लबच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. ज्यांनी ते क्लबात नाचताना ऐकलं, त्यांना गाणारं माणूस कुठल्या देशाचं, याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पहिल्या प्रचाराला जे 'ईझी ब्रीझी' निवडलं, ते मात्र अल्बममधलं सगळ्यात हलकं गाणं. जपानी असण्यावरच त्यात यमक जुळवलेलं आहे. आधी 'क्रेमलिन डस्क' ऐकवलं असतं तर लोकांचं मत वेगळं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

२००९ चा दुसरा इंग्रजी अल्बम, 'धिस इज द वन', ६९ व्या क्रमांकापर्यंत गेला. तो नीटस आहे, सरळ आहे, रेडिओला आवडेल असाच बेतलेला. क्रमांक सुधारला, पण मी तो फारसा पुन्हा लावत नाही.

खरी मजा आली २०२२ मध्ये. 'बॅड मोड' या अल्बममध्ये उताडा एकाच गाण्यात जपानीतून इंग्रजीत जातात आणि परत येतात, कधी तर अर्ध्या ओळीतच. इंग्रजी अल्बम वेगळा आणि जपानी वेगळा, ही वाटणीच मोडून टाकली. त्यातलं शेवटच्या टप्प्यातलं एक गाणं जवळजवळ बारा मिनिटं चालतं, आणि ते छोटं करून द्या असं सांगायला आता कुणी नव्हतं.

तुम्ही उताडा कधीच ऐकले नसतील तर 'बॅड मोड'पासून सुरुवात करा, आणि त्यानंतर लगेच 'एक्सोडस' लावा. पण 'ईझी ब्रीझी' सोडून पुढे जा, ते नंतर ऐकलं तरी चालेल.

नमस्कार.