सर्व्हर बंद, संवाद चालू

श्रोतेहो, नमस्कार. सॉफ्टवेअर कंपन्या ट्विटरवर (म्हणजे आताच्या ‘एक्स’वर), लिंक्डइनवर काय सांगतात? नवी आवृत्ती आली, पुरस्कार मिळाला, भरती सुरू आहे. त्यात वावगं काही नाही. पण कंपनीकडून बातमी कळायची खरी निकड असते ती काही बिघडतं तेव्हा. म्हणून आज गिटलॅबविषयी सांगते.

प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात, अशी ही सेवा. ३१ जानेवारी २०१७ ची रात्र. आपल्याकडे १ फेब्रुवारीची पहाट. दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसण्यासाठी एका इंजिनिअरने आदेश दिला, आणि तो चालला मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याने तो थांबवला. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरला होता. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, ऐन वेळी एकही धड कामी आली नाही. बॅकअप होत नाही हे सांगणाऱ्या ईमेल कुणापर्यंत पोचतच नव्हत्या! कामी आली ती सहा तास आधी दुसऱ्याच कारणाने हाताने घेतलेली एक प्रत.

अशा वेळी ‘तांत्रिक अडचणीमुळे सेवा बंद, क्षमस्व’ एवढ्यावर भागवतात. गिटलॅबने ट्विटरवर सरळ लिहिलं, की चुकून आमच्याकडून डेटा पुसला गेलाय. सोबत दुरुस्तीच्या नोंदींचं गूगल डॉक सगळ्यांना खुलं केलं. मग यूट्यूबवर दुरुस्तीचं थेट प्रक्षेपण! संथ डिस्कवरून कॉपी तासन्‌तास रेंगाळत होती, आणि एका वेळी सुमारे पाच हजार लोक ती पाहत होते. अनोळखी प्रोग्रॅमर धीर देत होते. स्वतःची साइट बंद असताना निरोप द्यायला बाहेरची जागा लागतेच. ट्विटरचा हा उपयोग मला जाहिरातीपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

सुमारे अठरा तासांनी सेवा परतली. लोकांचा कोड शाबूत राहिला, पण सहा तासांतल्या प्रतिक्रिया, नवी खाती, नवे प्रकल्प यांच्या नोंदी गेल्या. तेही कंपनीने आकड्यांसकट सांगितलं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. उघड्या नोंदींत सुरुवातीला त्या इंजिनिअरची आद्याक्षरं होती. आधीच ताणाखाली असलेल्या माणसाकडे हजारो लोकांनी बोट दाखवावं, इतका मोकळेपणा नको. कंपनी सावरली. १० फेब्रुवारीला सविस्तर अहवाल आला, त्यात त्याचं नाव नाही. बॅकअप का फसले आणि आता ते कसे तपासले जातील, हे त्यात पानोपानी लिहिलंय.