शेअर्ड फोल्डरमधली फाईल नेमकी कोणी हलवली?

पणजी, अठरा जून रस्ता. पहिल्या मजल्यावर सीएचं ऑफिस, चवथीची सुट्टी संपवून सगळे आत्ताच परतलेत आणि सर्व्हरवरच्या शेअर्ड फोल्डरमधून एका क्लायंटची एक्सेल शीट गायब. मग काय, सगळ्यांच्या नजरा आर्टिकलशिपला आलेल्या पोराकडे, कारण नवीन तोच. हे फार वाईट वाटतं बघायला.

एकजण म्हणतो फोल्डरची ॲक्सेस्ड तारीख, म्हणजे शेवटचं केव्हा उघडलं ती वेळ, बघा. पण तारखेवरून केव्हा ते कळेल, कोणी ते कुठे कळतं? आणि केव्हा ते पण धड नाही, व्हिस्टा या व्हर्जनपासून विंडोजने स्पीडसाठी हे अपडेट करणंच बऱ्याच मशीनवर बंद ठेवलंय. लिनक्सवर रिलेटाइम नावाची सेटिंग असते, तिथे फाईल बदलली नसेल तर वाचल्याची वेळ साधारण २४ तासांत एकदाच नोंदवली जाते.

खरी नोंद विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये, पण ऑडिटिंग, म्हणजे कोणी काय केलं ते नोंदवणं, आधीच चालू असेल तरच, मागचं काही मिळत नाही. विंडोजच्या पॉलिसी सेटिंगमध्ये ऑडिट फाईल सिस्टीम ऑन करायचं आणि फोल्डरच्या ऑडिटिंग टॅबमध्ये कोणाचं काय नोंदवायचं ते पण टाकायचं, दोन्ही पाहिजे. इथे सिस्टीम बघणाऱ्या ताईंनी ते करून ठेवलं होतं, नशीब!

आता स्क्रीनवर बघा. इव्हेंट ४६६३, म्हणजे फाईलला हात लागल्याची नोंद, त्यात अकाउंट नेम, फाईलचा पूर्ण पाथ, आणि ॲक्सेसमध्ये डिलीट. अकाउंट त्या पोराचं नाहीच, एका सीनियर सरांचं. नेटवर्कवरून शेअर्ड फाईलपर्यंत कोण आलं ते नोंदवणाऱ्या इव्हेंट ५१४५ मध्ये आयपी, म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता, दिसतो, तो पण त्यांच्याच केबिनमधला. पण थांबा, ताई म्हणतात डिलीट दिसलं म्हणून फाईल उडवली असं नाही, फाईल दुसरीकडे हलवली किंवा नाव बदललं तरी डिलीटचाच ॲक्सेस लागतो, खरंच उडवली असती तर पाठोपाठ इव्हेंट ४६६०, म्हणजे फाईल उडवल्याची नोंद, आला असता. तो नाहीये. शीट शेजारच्याच फोल्डरमध्ये सापडली, माउसने ओढताना तिथे पडली होती. सरांनी सगळ्यांसमोर त्या पोराला सॉरी म्हटलं, ते मला फार आवडलं.

ताईंनी लगेच लॉगची साइज वाढवली, डिफॉल्ट २० एमबीच असते आणि भरली की जुन्या नोंदी पुसत जाते. रिसेप्शनला मात्र अजून दोघींचं एकच लॉगिन आहे, तिथून काही झालं तर अकाउंट दिसेल, माणूस नाही, ते या आठवड्यात वेगळं करतायत.