ताई बदलतात तेव्हा

सकाळचे साडेनऊ. अंगणवाडीच्या दारात साडेतीन वर्षांचा एक मुलगा आजीचा पदर मुठीत धरून उभा आहे. आतून नव्या ताई हाका मारतात, "ये रे बाळा, आत ये." तो पदर आणखी घट्ट धरतो. गेल्या आठवड्यापर्यंत हाच पोरगा चपला भिरकावून आत पळायचा. तेव्हाच्या सेविकाताई आता निवृत्त झाल्या आहेत.

त्या निवृत्त झाल्या, त्या दिवशी चार्ज देणं-घेणं रीतसर झालं. वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, सतरंज्या, ताटं-वाट्या, कुकर, सगळं मोजून घेतलं, सह्या झाल्या. ते व्हायलाच हवं. पण कोण पहिला घास भरवल्याशिवाय जेवत नाही, कुणाचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, कुणाला मागच्या अंधाऱ्या खोलीची भीती वाटते, याला त्या यादीत रकाना नाही. मुलाचं वजन वाढलं नाही, हे रजिस्टरात दिसतं, मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदी ठेवणाऱ्या पोषण ट्रॅकर या अ‍ॅपवरही दिसतं. का वाढलं नाही, ते जुन्या ताईंना ठाऊक होतं.

आता दाराकडे पुन्हा बघा. मदतनीसताई मुलाला बोलावत नाहीत. उंबऱ्याजवळ सूप घेऊन बसतात, मटकी निवडायला लागतात. "एवढे खडे शोधून दे रे, मला दिसत नाहीत." थोडा वेळ जातो. मग पदर सुटतो, आणि दोन बोटं सुपात शिरतात.

बदलाच्या दिवसांत अंगणवाडी अशी मदतनिसीच्या जिवावर चालते. तिला बैठकीला बोलवा, तिचं ऐका. नव्या सेविकेला मुलांची खरी माहिती तिच्याकडूनच मिळेल.

1945 साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हापासून अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये राहिल्या. 1973 मध्ये ताराबाई गेल्या आणि अनुताईंनी काम पुढे नेलं. मुलांना त्या परक्या नव्हत्याच. अशी सोबतीची 28 वर्षं आजच्या सेविकेला कुठून मिळणार? पण जुन्या ताईंसोबत दोन आठवडे तरी मिळावेत. निवृत्तीची तारीख कार्यालयाला आधीच माहीत असते. तरीही जागा रिकामी राहते आणि शेजारच्या अंगणवाडीच्या ताईंकडे अतिरिक्त कार्यभार जातो. दोन्हीकडे धावताना त्या खिचडी वेळेवर देतीलही, पण गोष्ट सांगायला बसणार कधी?

दोघी ताई एकत्र असल्या, की जुन्या ताईंनी मुलांना स्वतः सांगावं, "मी सोमवारपासून येणार नाही, या ताई येतील." न सांगता निघून जाणं लहानग्यांना फार लागतं. नव्या ताईंना नवे तक्ते लावायचे असतात, नवी गाणी शिकवायची असतात. उत्साह चांगलाच आहे. तरी पहिले काही दिवस सकाळचं गाणं जुनंच राहू द्यावं, बसायच्या जागाही त्याच. घरभेटीला जाताना मदतनीसताईंना सोबत न्यावं.

पात्र मदतनिसीला सेविका म्हणून घेण्याची सोय आहे. तसं झालं, तर मुलांना ओळखीचाच चेहरा मिळतो. मग तिची जागा लगेच भरायला हवी. नाहीतर खिचडी ढवळायची, रजिस्टर भरायचं आणि दारात रडणाऱ्याला घ्यायचं, हे सगळं एकट्या ताईंवर पडतं.