‘जिवाणूंची वाढ आढळली नाही’

रुग्णाला कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवलेले आहे, एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसावर पांढुरकी छाया पसरली आहे, आणि कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीच्या, अहवालात एकच ओळ आहे : जिवाणूंची वाढ आढळली नाही. अशा वेळी जिवाणू नव्हतेच, की नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत हवेनेच ते मेले, हे त्या ओळीवरून कळत नाही.

फ्युसोबॅक्टेरियम, प्रेव्होटेला, पार्व्हिमोनास हे ऑक्सिजनविना वाढणारे जिवाणू आपल्या हिरड्यांच्या कडेला एरवी मुकाट्याने राहतात. शुद्ध हरपली, फिट आली किंवा पक्षाघाताने गिळणे बिघडले, की लाळेबरोबर ते श्वासनलिकेत उतरतात. उताण्या पडलेल्या रुग्णात ती लाळ फुप्फुसाच्या वरच्या खंडाच्या मागच्या भागात आणि खालच्या खंडाच्या माथ्याशी साचते, म्हणून सीटी स्कॅनमध्ये तिथेच पोकळी किंवा पू दिसला, तर संशय बळावतो. बेडक्याला दुर्गंधी असेल तर तो मोठाच पुरावा. मात्र ती नसल्याने निदान खोटे ठरत नाही.

खरी अडचण नमुन्याची आहे. हे जिवाणू तोंडात मुळातच विपुल असल्यामुळे खोकून काढलेल्या बेडक्यावर त्यांचे कल्चर करण्यात अर्थ नसतो. त्यासाठी फुप्फुसावरणातून सुईने काढलेला पू, ब्रॉन्कोस्कोपीतून (श्वासनलिकेत दुर्बिणीची नळी घालून) तोंडातील जिवाणू न लागणाऱ्या संरक्षित ब्रशने घेतलेला नमुना, किंवा रक्त लागते. आणि पू असेल तर तो हवा न लागू देता, फ्रिजमध्ये न ठेवता, तातडीने पोहोचवावा लागतो. ग्रॅम स्टेनखाली, म्हणजे नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकातून पाहताना, दोन्ही टोकांना निमुळते, चातीसारखे जिवाणू दाटीने दिसावेत आणि हवेत ठेवलेल्या साध्या कल्चरवर मात्र काहीच उगवू नये, ही विसंगती अनुभवी सूक्ष्मजीवतज्ज्ञाला पुरेसे सांगून जाते.

तरुण, निरोगी दातांच्या रुग्णात मात्र फसगत होते. घसा दुखून गेल्यावर काही दिवसांनी थंडी-ताप, दोन्ही फुप्फुसांत विखुरलेल्या गाठी आणि त्यांतील काहींत पोकळी, असे चित्र दिसले तर मानेकडे पाहावे लागते, कारण तेथील शिरेत गुठळी होऊन तिचे संसर्गित तुकडे फुप्फुसात जात असतात. फ्रेंच वैद्य आंद्रे लेमिएर यांनी 1936 मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. त्याचा नेहमीचा कर्ता फ्युसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम. इथे सोनोग्राफी मानेची करायची असते, आणि नेमके तेच सुचत नाही.

अलीकडे नमुन्यातील सर्व जनुकीय द्रव्य वाचणारी तपासणी, प्रतिजैविके सुरू झाल्यानंतरही, मेलेल्या जिवाणूंचा माग काढते. पण तोंडातून मिसळलेले पाहुणेही ती तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवते, त्यामुळे यादीतला दोषी कोण हे रुग्णाकडे पाहूनच ठरवावे लागते.

ऑक्सिजन काढून घेतलेल्या बरणीतील कल्चरच्या बशा साधारणपणे 48 तासांनी उघडतात, काही जातींना आठवड्याहून अधिक वेळ लागतो. तोपर्यंत औषध निवडले जाते ते गंध, ग्रॅम स्टेन आणि स्कॅन यांच्या आधारावर.