मेंढपाळांवरची पिवळी सांज

[दृश्य: अंधारी खोली, अतिनील दिव्याखाली चित्र]

चित्रावर जो हिरवट उजेड दिसतोय, तो वॉर्निशचा. झाडांच्या राळेचं जुनं वॉर्निश या दिव्याखाली असं चमकतं. मधले काळे डाग म्हणजे नंतर कुणीतरी केलेली डागडुजी.

[दृश्य: दिवा मालवला, टेबलावर चित्र]

झाडाखाली विसावलेले दोन मेंढपाळ, पाण्यावर आलेल्या मेंढ्या, मागे डोंगर. पुढे तपकिरी सावली, मधे हिरवं, दूर निळं, ही मांडणी त्याआधीची, पण 17व्या शतकात रोमजवळच्या माळरानाची निसर्गचित्रं काढणाऱ्या क्लोद लोरँ या चित्रकाराने ती लोकप्रिय केली. पुढची दोनशे वर्षं युरोपातले चित्रकार ती गिरवत राहिले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेली युरोपीय तैलचित्रं आहेत. मुंबईतल्या काही घरांतही अशी चित्रं उरली आहेत. हे तसंच एक, आता साफ करायला टेबलावर.

ही पिवळी सांज मात्र चित्रकाराने रंगवलेली नाही. वॉर्निश पिवळं पडलं, त्याखाली निळा डोंगर हिरवा झाला आणि आभाळ चहाच्या रंगाचं.

[दृश्य: कापसाचा बोळा, अगदी जवळून]

आधी मऊ कुंचल्याने धूळ. मग काजळी: बांबूच्या काडीला गुंडाळलेला कापूस, लाळेने ओला केलेला. लाळेतली विकरं आणि क्षार हा थर हळुवार सोडवतात. वॉर्निश काढण्यासाठी व्हाइट स्पिरिटमध्ये, म्हणजे रंग पातळ करायच्या पेट्रोलियम द्रावणात, मिसळलेलं इथेनॉल. सुरुवात 10 टक्क्यांपासून, तीही फ्रेमखाली झाकल्या जाणाऱ्या कडेवर, बोटाच्या पेराएवढ्या जागेत. बोळा घासायचा नाही, लोळवायचा. पिवळा झाला की टाकायचा. त्यावर चित्राचा रंग उतरला, तर हात तिथेच थांबला पाहिजे.

आभाळ त्यातल्या त्यात सोपं. त्यातला शिशाचा पांढरा तेलाबरोबर घट्ट बसतो. खरी परीक्षा झाडाखालच्या सावलीत. तिथे तपकिरी रंगाचे पातळ थर, कधी राळ मिसळलेले. ज्या द्रावणात वॉर्निश सुटतं, त्यातच तेही सुटू लागतात. घाईच्या हाताने मेंढ्यांचे पाय आणि पानांच्या कडा आधी जातात. म्हणून मेंढपाळांवर द्रावण सौम्य, आणि वॉर्निशचा पातळ पापुद्रा मुद्दाम राखलेला. 'अजून उजळ करा' असं सांगणारे नेहमी भेटतात. त्यांचं ऐकू नये.

[दृश्य: चित्राची मागची बाजू]

चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्यात दोन, अशा कापड ताणून धरणाऱ्या आठ पाचरी. जूनमध्ये हवा दमट झाली की रंगाखाली कापडावर लावलेला सरस मऊ पडतो, कापडाला झोल येतो आणि घरातलं कुणीतरी हातोडी घेऊन पाचरी ठोकतं. जानेवारीच्या कोरड्या हवेत तोच सरस आखडतो. ताण कोपऱ्यांत जाऊन बसतो, रंगाला तिरक्या भेगा पडतात. पावसाळ्यात पाचरींना हात लावू नका. ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नका, आणि खालच्या कडेला मागून बुचाचे दोन तुकडे चिकटवा. हवा खेळती राहते. सरसाला बुरशी धरली की रंग पापुद्र्यांनी गळतो.

[दृश्य: अर्धं पिवळं, अर्धं निळं आभाळ]

रंग उडालेल्या जागा तेवढ्याच भरायच्या, पुन्हा काढता येतील अशा रंगांनी. नवं वॉर्निश पाऊस गेल्यावर. दमट हवेत लावलं, तर त्यावर दुधाळ सावट येतं.