लांब दोरीवरचा मासा हाती घेताना

[दृश्य: डोंगरातली अरुंद नदी, मोठाले धोंडे, त्यांच्यामधून वाहणारं स्वच्छ पाणी. गुडघाभर पाण्यात उभा एक माणूस, हातात लांब, बारीक काठी.]

जपानच्या गिफू प्रांतात, गुजो शहराच्या हद्दीत इतोशिरो नावाचं खोरं आहे. तिथल्या तोगे या छोट्या नदीवर एक पट्टा असा आहे की त्यात धरलेला मासा परत सोडावाच लागतो. मच्छीमार सहकारी संस्थेचा परवाना घ्यायचा, मासा धरायचा आणि पाण्यातच सोडून द्यायचा. इवाना, यामामे, अमागो हे थंड पाण्यातले मासे. एक वीत लांबीचे जास्त, 30 सेंटिमीटरचा मिळाला तर मोठी गोष्ट.

हे मासे धरायची जपानी पद्धत म्हणजे तेनकारा. काठी, दोरी आणि गळावर पिसं-दोरा गुंडाळून केलेली नकली माशी, म्हणजे केबारी, एवढंच सामान. रील नाही. दोरी काठीच्या टोकाला असलेल्या लिलियन नावाच्या छोट्या वेणीला कायमची बांधलेली. त्यामुळे मासा लागल्यावर दोरी सोडता येत नाही आणि गुंडाळून जवळही घेता येत नाही.

पूर्वी इवाना धरून डोंगरातल्या सरायांना विकणारे मच्छीमार साधारण काठीएवढीच दोरी वापरत. मासा लागला की काठी उचलायची, मासा उडून थेट हातात. आज फ्लुओरोकार्बनचा बारीक तंगूस वापरून दोरी काठीपेक्षा बरीच लांब ठेवतात. मासा बिचकत नाही, लांबचा प्रवाह गाठता येतो. मात्र मासा शेवटी हातात घ्यायची वेळ आली की याच लांबीची अडचण होते.

[दृश्य: आकृती. माणूस, काठी, दोरी, पाण्याची पातळी.]

हिशोब मांडून पाहू. काठी 3.6 मीटर. दोरी 4.5 मीटर, तिच्या टोकाला 1 मीटर टिपेट, म्हणजे केबारी बांधायचा आणखी बारीक तंगूस. म्हणजे काठीच्या टोकापासून माशाच्या तोंडापर्यंत साडेपाच मीटर. काठीचा हात पाण्यापासून 1.2 मीटर उंच धरला आणि काठी सरळ उभी केली, तर मासा सुमारे 2.7 मीटरवर राहतो. दोरीही दूरच. चेहऱ्याच्या उंचीवर ती जवळपास 1.8 मीटर पुढे असते. मोकळा हात तिथवर पोचत नाही. आता काठी साधारण 20 अंश मागे कलवली की तीच दोरी 75 सेंटिमीटरवर येते. हात लांब केला की चिमटीत सापडते.

पण हा हिशोब सरळ काठीचा आहे. मासा जोरात ओढत असेल तर काठी वाकते, टोक पुढे आणि खाली येतं, आणि दोरी पुन्हा हाताबाहेर जाते. म्हणून ताजातवाना मासा लांब दोरीवर हातात घेता येत नाही. त्याची ओढ कमी व्हावी लागते, आणि तीही लवकर. दमलेल्या माशाला आणखी दमवत बसणं त्याच्या जिवावर बेततं.

[दृश्य: मासा लागतो. काठी आडवी, पाण्याला समांतर झुकलेली.]

मासा लागताच बहुतेकांचा हात वर जातो. वरच्या ओढीने मासा पृष्ठभागावर येऊन डोकं झटकतो आणि गळ निसटतो. त्यापेक्षा काठी एका अंगाला आडवी करायची आणि माशाला बाजूने ओढायचं. डोकं वळलं की शरीर मागे येतं, पोहण्याचा जोर वाया जातो. तो उजवीकडे निघाला तर डावीकडून ताण द्यायचा, वळला की बाजू बदलायची. बाजू बदलताना दोरीत एक क्षणही ढील पडू द्यायची नाही. टोकाजवळचा उलटा काटा नसलेला गळ असेल तर ढील पडणं म्हणजे मासा गेलाच. तरीही गळ बिनकाट्याचाच हवा.

उभं राहायची जागा केबारी टाकण्याआधीच ठरवून ठेवायची. आपण माशाच्या खालच्या अंगाला असलो तर प्रवाह आपल्या बाजूने काम करतो. मासा खालच्या अंगाला सुटला तर त्याचं वजन आणि पाण्याचा जोर दोन्ही टिपेटवर येतात, आणि सोडायला जास्तीची दोरी नाही. अशा वेळी माशाला थोपवून धरू नये, त्याच्या मागून काठाने खाली चालत जावं. घसरड्या दगडांवर धावू मात्र नये. हाताशी एखादं संथ पाणी, धोंड्यामागचा छोटा डोह, आधीच हेरून ठेवलेला असावा. मासा तिथेच न्यायचा.

[दृश्य: जवळून. काठीची मूठ, तर्जनी, चिमटीत येणारी दोरी.]

आता सगळ्यात नाजूक क्षण. मासा कुशीवर झाला, तोंड पाण्याच्या वर आलं, ओढ मंदावली. आता काठीचा हात मागे न्यायचा, पण मनगटातून मोडून नाही. कोपर आणि खांद्यासकट पूर्ण हात मागे आणि थोडा बाहेर घ्यायचा. त्यामुळे काठी फार न कलवताही अर्धा मीटर अंतर कमी होतं. काठी खूप मागे आडवी पाडली आणि मासा पायाशी आला, तर सगळा वाक टोकाच्या बारीक तुकड्यांवर येतो आणि ते मोडतात. तेनकाराच्या काठ्या बहुतेक वेळा माशाच्या वजनाने मोडत नाहीत, या कोनाने मोडतात.

मोकळ्या हाताने दोरी धरायची ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत. टिपेटला हात लावायचा नाही, वरची मुख्य दोरीच धरायची. मुख्य दोरीचा 3.5 नंबरचा (हा जाडीचा जपानी क्रमांक) तंगूस 0.31 मिलिमीटर जाड असतो. टिपेट त्याच्या निम्म्याएवढं. दोरी हातात येताच काठीची लवचीकता संपते. तोवर काठी जे हिसके झेलत होती ते आता थेट टिपेटवर येणार. म्हणून चिमूट सैल ठेवायची. माशाने उसळी मारली तर दोरी बोटांतून सरकू द्यायची, गरज पडली तर सोडून द्यायची आणि काठीवर पुन्हा ताण घ्यायचा. दोरी बोटाभोवती किंवा तळव्याभोवती गुंडाळणं ही मोठी चूक. गुंडाळलेली दोरी सुटत नाही, हिसक्याला टिपेट तुटतं आणि बोटही कापतं.

चिमटीतली दोरी काठीच्या हाताकडे न्यायची आणि मुठीवर तर्जनीखाली दाबून धरायची. मोकळा हात सुटला. तो पुन्हा खाली नेऊन दोरी आणखी जवळ घ्यायची, पुन्हा तर्जनीखाली. अशा दोन-तीन खेपांत मासा हातजाळीच्या टप्प्यात येतो.

[दृश्य: लाकडी गोल हातजाळी. बारीक वीण.]

जपानी हातजाळीला तामो म्हणतात. पारंपरिक तामो एकाच झाडाच्या तुकड्यातून होतो. खोडाचा भाग मूठ होतो आणि त्याला समोरासमोर फुटलेल्या दोन फांद्या वाकवून, टोकं जोडून गोल कडं करतात. काया नावाच्या जपानी सूचिपर्णी झाडासारखं लाकूड त्याला चालतं. कड्याचा व्यास साधारण 25 ते 30 सेंटिमीटर, जाळी बारीक विणीची, गाठी नसलेली. गाठी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतात, कल्ले आणि पर अडकतात.

जाळी माशाच्या मागे धावडवायची नाही. आधी पाण्यात बुडवून स्थिर धरायची, मासा तोंडाकडून तिच्यावर आणायचा आणि मग उचलायची. शेपटीकडून खुपसली की मासा जीव खाऊन उसळतो. टिपेटला लटकवून मासा उचलूनही घेऊ नये. 1 नंबरचं टिपेट दीडशे ग्रॅमचा मासा सहज पेलतं, पण माशाचा जबडा फाटतो किंवा तो झोका खाऊन धोंड्यावर आपटतो.

[दृश्य: जाळी पाण्यातच. ओले हात. चिमट्याने गळ निघतो.]

हात आधी पाण्यात बुडवून घ्यायचे. मासा जाळीत, जाळी पाण्यात. गळ चिमट्याने धरून आला त्याच वाटेने मागे ओढायचा. खोल गेला असेल तर टिपेट तोंडाशी कापून टाकावं.

हवेत घालवलेली सेकंदं किती महाग पडतात, ते 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका प्रयोगात दिसलं. रेनबो ट्राउट माशांना पूर्ण दमवलं. त्यातले जे पाण्यातच राहिले त्यांच्यापैकी 12 टक्के पुढच्या 12 तासांत मेले. 30 सेकंद हवेत धरलेल्यांपैकी 38 टक्के, आणि 60 सेकंदवाल्यांपैकी 72 टक्के. हे प्रयोगशाळेतले आकडे आहेत, नदीत तसेच्या तसे लागू होणार नाहीत. दिशा मात्र स्पष्ट आहे. फोटो काढायचा तर मासा पाण्यात ठेवूनच काढावा. आणि उन्हाळ्यात पाणी 20 अंशांच्या वर गेलं असेल तर त्या दिवशी गळ टाकूच नये, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सावरत नाही.

सोडताना माशाचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला संथ पाण्यात हलकेच आधार द्यायचा. पुढे-मागे ढकलू नये, मागे जाताना कल्ल्यांतून पाणी उलटं वाहतं. शेपटी स्वतःहून हलली की हात काढून घ्यायचा.

[दृश्य: टिपेट बोटांतून फिरवणारा हात.]

राहिला एक प्रश्न, काठीला न पेलणाऱ्या माशाचा. त्यासाठी टिपेट कायम काठीपेक्षा कमजोर ठेवायचं, 0.8 किंवा 1 नंबरचं, काठीवर दिलेल्या मर्यादेच्या आत. तरीही मासा थांबतच नसेल तर काठी त्याच्या दिशेने सरळ रोखायची. मग टिपेट तुटतं, काठी वाचते. केबारी खडकात अडकली तरी काठीने ओढू नये. एकात एक सरकणाऱ्या तुकड्यांची काठी मिटवून दोरी हातात घ्यावी आणि सरळ रेषेत ओढावी.

प्रत्येक माशानंतर टिपेटचा शेवटचा वीतभर भाग बोटांतून फिरवून पाहायचा. दातांनी किंवा दगडाने खरबरीत झाला असेल तर तेवढा तुकडा कापून केबारी पुन्हा बांधायची, आणि मगच पुढचा डोह.